गरम असताना मोजू नये

वडगावच्या शाळेतल्या मुचंडीबाई म्हणाल्या,
आठवीची एकोणीस पोरं आणते, तासभर.
मी म्हटलं, बाई, मी सातवीत गणितात बसलेला माणूस.
त्या म्हणाल्या, म्हणूनच.

तर बुधवारी उद्यमबागेत, माझ्या पत्र्याच्या शेडात
एकोणीस पोरं आणि सदतीस चपला.
एक गटारात गेली, तिचा हिशोब बाई देतील.

टेबलावर पिस्टनचा रॉड ठेवला. मोजा, म्हटलं.
कंपासपेटीतल्या पट्ट्या निघाल्या,
सगळे एका सुरात ओरडले, पंचवीस!
यल्लेश कडोलकर तेवढा म्हणाला, पंचवीसला जरा कमी.
जरा म्हणजे किती?
तो गप्प. बाईही गप्प.
ह्या ‘जरा’वर माझी चूल पेटते, एकतीस वर्षं झाली.

मग मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला.
फिरव. हळू. मागचं बोंडूक धरून फिरव,
टिक, टिक, टिक झालं की सोड.
त्यानं मूठ आवळली, अजून पीळ दिला.
अरे, पिळून मोजलास तर लोखंडसुद्धा
तुला हवं तेच सांगतंय.

चोवीस दशांश अठ्ठ्याण्णव.
पोरांनी असं वाचलं
जसं कुणाचं तरी खरं नाव पहिल्यांदा कळलं.

मग केस मोजायची टूम निघाली.
यल्लेशचा आठ शतांश मिलिमीटर.
स्नेहल हलगेकरचा सहा.
बाईंचा पांढरा, कानामागचा, पाच.
माझा मागितला. टोपी काढली.
शोधायलाच वेळ गेला.

काका, तुम्ही नापास कसे झालात?
तेव्हा नुसते आकडे दिले होते रे,
मोजायला काही दिलं नव्हतं.

दुसरा रॉड लेथवरून नुकता उतरला होता.
एक पोरगं हात घालायला गेलं,
शेजारचा शिवलिंगाप्पा वेल्डिंग सोडून ओरडला,
‘बिसी ऐत, मुट्टब्याडा!’
हात मागे आला. भाषांतर कुणी मागितलं नाही.
गरम रॉडाचं माप मी घेऊन दाखवलं. चोवीस नव्व्याण्णव.
एक शतांश जास्त. वाटतं, अजून थोडं कातावं.
कातलं, तर थंड झाल्यावर माल भंगारात.
म्हणून आमच्यात सांगतात, गरम असताना मोजू नये.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
मी रॉडाबद्दलच बोलत होतो.

जाता जाता स्नेहल थांबली.
तिचे वडील खानापूरला मोजणीदार आहेत.
काका, नकाशावरची रेघ किती जाड असते?
कुठली रेघ?
हद्दीची.
काय बघूलीस गं, म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.
तिनं पेन्सिलीतलं शिसं काढून जबड्यात धरलं.
पाकिटावर शून्य दशांश पाच, भरलं शून्य दशांश छप्पन्न.
नकाशा पन्नास हजाराला एक.
बोटांवर नाही, तोंडीच गुणाकार केला तिनं.
अठ्ठावीस मीटर.

माझं शेड नऊ मीटर लांब.
म्हणजे एका रेघेच्या पोटात माझं शेड,
शिवलिंगाप्पाचं शेड, पलीकडचं कोलकारांचं शेड,
आणि उरलेल्या मीटरात चहाचा गाडा.
चहावाला म्हणाला, चला, मला तरी जागा मिळाली की.
सगळे हसले. स्नेहल हसली नाही,
वहीत अठ्ठावीसखाली दोनदा रेघ ओढली.
मग ती रेघही जाड झाली का म्हणून वाकून बघितली.

पोरं गेली. सहा वाजता लाइट गेली.
खिडकीशी नेऊन तो दुसरा रॉड पुन्हा मोजला.
थंड होता. चोवीस अठ्ठ्याण्णव.

मायक्रोमीटर पुसायला घेतला तर आत एक केस अडकलेला.
तोही मोजला, सवयीनं.
सात.
आठ यल्लेशचा, सहा स्नेहलचा, पाच बाईंचा.
हा सात कुणाचा, कोण जाणे.
फुंकून टाकवेना.
कामाच्या वहीत, आजच्या तारखेपुढे,
चिकटपट्टीनं लावून ठेवला.